गळ

संत्र्याची शेवटची फोड तोंडात होती आणि फोनवर आत्याचा निरोप आला. मेलेसेइनीला आधी हसूच आलं. आत्याची बोटं जाड, चष्मा कुणाचा तरी उतरवलेला, त्यामुळे फोनवर लिहिताना ती निम्मी अक्षरं खाऊन टाकायची. आणि टोंगन भाषेतला तो उलटा स्वल्पविराम, ज्याला बाबा गळ म्हणायचे, तो तर तिने जन्मात कधी लिहिला नव्हता. गळ म्हणजे गळ्यातली अडखळ. मा‘उ म्हणायचं तर मध्येच घसा क्षणभर बंद करायचा, मग त्याचा अर्थ होतो मिळणं. घसा उघडा ठेवून सरळ माउ म्हटलं की अर्थ होतो अडकणं, रुतून बसणं. आत्याने लिहिलं होतं, मला घर अडकलं नाही. घरं वाटणाऱ्या ऑफिसातल्या त्या गारढोण काचेच्या खोलीत संत्र्याच्या सालींकडे बघत मेलेसेइनी स्वतःशीच हसली, आणि मग हसू जागच्या जागी वाळलं, कारण न लिहिलेला गळ तिला आपोआप दिसला. मला घर मिळालं नाही. म्हणजे पत्र आलं. आणि ती पत्रं कुणाला कसली जायची याची ओळ तिने लावली होती, म्हणजे तिने नाही, तिने लिहिलेल्या प्रोग्रामने, म्हणजे तिनेच.

आत्या लूसेआने ही बाबांची थोरली बहीण. ऑकलंडच्या मांगेरेत चर्चमधल्या ओळखीच्या एका घराच्या मागे, गॅरेजात राहायची. गॅरेज म्हणजे गॅरेजच. लोखंडी दार वर ढकलायचं आणि वाकून आत शिरायचं. भिंतींना ओल, ओलीवर काळी बुरशी, बुरशी झाकायला लावलेली येशूची तसबीर, आणि तसबिरीच्या चौकटीतून पुन्हा बाहेर डोकावणारी बुरशी. छातीचा पार भाता झाला होता बाईच्या. डॉक्टर म्हणाला होता, औषध मी देतो, पण ओल काढणं माझ्या हातात नाही. तिला कोरडं घर हवं होतं, बस, दुसरं काही नको होतं. आता कुणी म्हणेल, सख्खा भाऊ शेजारच्या ओताहुहूत, भाची चांगली नोकरीला, मग म्हातारीला गॅरेजात कुजवता कशाला? असं विचारणारा माणूस टोंगन नव्हे. बहीण-भाऊ एका छपराखाली झोपत नाहीत. एका खोलीत बसून टीव्ही बघत नाहीत, एकमेकांसमोर थट्टा करत नाहीत. बहिणीच्या अंथरुणाला, पेटीला, कागदाला भाऊ हात लावत नाही. आजकालची पोरं हे धाब्यावर बसवतात, पण ही दोघं जुन्या खोडाची. मेलेसेइनीने एकदा धीर करून विषय काढला होता, तेव्हा आत्याने विचारलं, "आणि तुझ्या बापाने झोपायचं कुठे? गाडीत?" तो खरोखर गाडीत झोपला असता, आणि वर म्हणाला असता की मला गाडीतच बरं वाटतं. विषय तिथेच मिटला. आत्या म्हणजे घराण्यात सगळ्यांच्या वरची; भावाच्या पोरांकडून तिने काहीही मागावं आणि त्यांनी हूं की चूं न करता द्यावं, असा तिचा हक्क. दुसऱ्यांच्या आत्या मागतात. गाड्या मागतात, लग्नात आहेर आलेल्या चटया उचलून नेतात. ह्या बाईने आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं, आणि तेच मेलेसेइनीच्या उरावर बसलेलं असायचं.

तिने फोल्डर उघडलं. एका कुटुंबाची एक फाईल, असे शेकडो अर्ज. प्रत्येक फाईलच्या पोटात तेच ते खण: नाव, माणसं किती, खोल्या किती, आजार कुठला, ओल आहे का, आणि तळाशी या सगळ्याचे मिळून गुण. फाईलच्या अंगावर वरून काय लिहिलंय त्याला महत्त्व नव्हतं. पोटात शिरून वाचायचं आणि त्याप्रमाणे ओळ लावायची, एवढंच तिच्या प्रोग्रामचं काम. तांदूळ निवडण्याइतकं सोपं. ज्याला गुण जास्त तो आधी. घरं संपली की रेघ. रेघेच्या वर एक पत्र, खाली दुसरं. एका दुपारी लिहून ती मोकळी झाली होती. फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती आणि तिनेही कुणाला विचारली नव्हती: गुण सारखे पडले तर? काहीतरी ठरवायला तर हवं, नाही तर फाईली हाताला लागतील तशी ओळ लागायची, आज एक उद्या दुसरी. म्हणून तिने शेवटी एक शब्द घातला होता, नाव. गुण सारखे असतील तर नावाप्रमाणे. आणि डबा आवरून घरी गेली होती. आता तिने रेघ शोधली. रेघेच्या आसपास सगळे एकाच गुणाचे होते. सगळेच ओलीत, सगळेच खोकणारे. टी झाला, व्ही झाला, डब्ल्यू. डब्ल्यूमध्ये फारेपापा म्हणून एक माओरी कुटुंब होतं, माओरीत डब्ल्यू-एच लिहून फ म्हणतात, जुळी पोरं घेऊन मोटेलच्या खोलीत दिवस काढणारं. तिथे घरं संपत होती. आणि रेघेच्या पलीकडे, डब्ल्यूच्या खाली, पुन्हा ए सुरू होत होता. ‘आहोलेलेई. ‘आलाटिनी. मग ‘इलोलाहिया, ‘ओटाई, ‘उहिला. आत्याच्या सासरचं आडनाव ‘आहोलेलेई. त्याचा अर्थ चांगला दिवस. चांगला दिवस रेघेखाली पहिला बसला होता.

तिला कळायला वेळ लागला नाही, आणि हेच जास्त लागलं. यंत्रापाशी प्रत्येक अक्षराचा नंबर असतो. इंग्रजी अक्षरं आधी येऊन बसली, त्यांना पुढचे नंबर मिळाले. गळ फार उशिरा आला, त्याला कुठला तरी मागचा नंबर चिकटवला. गळाने सुरू होणारं नाव झेडच्याही मागे जाणार, हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, सुचलं नाही. ज्या बाईला रस्त्यावरच्या पाट्यांवरसुद्धा गळ राहिलेला दिसतो, जिला ती खोड बापाने लावली, तिला नेमकं इथे सुचलं नाही. तिने संत्र्याच्या साली गोळा केल्या, टोपलीत टाकल्या, आणि हातांचा वास घेत बसून राहिली.

शनिवारची शाळा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरायची. बाबा, सिओसिफा मास्तर, टोंगात खरेखुरे मास्तर होते. इथे आल्यावर आठवडाभर कारखान्यात मटण कापायचे आणि शनिवारी पुन्हा मास्तर व्हायचे. नखांत थोडी चरबी, खिशात बॉलपेन. मुळाक्षरं म्हणून घ्यायचे. सगळी पोरं एका सुरात ओरडत शेवटाकडे यायची, टी, यू, व्ही, आणि व्हीनंतर एकदम घसा बंद करून थांबायचं. ते शेवटचं अक्षर. ऐकू येत नाही. त्या शांततेत पाठीमागची पोरं खिदळायची, कुणीतरी मुद्दाम ढेकर द्यायचं. बाबा रागवायचे नाहीत. स्वतःच्या गळ्याच्या घाटीवर बोटाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हा गळला, की बाकीची सगळी अक्षरं खोटं बोलतात." मेलेसेइनी मान खाली घालायची, कारण मास्तर तिचा बाप होता आणि त्या टिचकीची नक्कल पोरं बसस्टॉपवर करायची. पुढे पुढे तर तिला त्यांच्यासोबत दुकानात जायचीही लाज वाटे. चर्चच्या भजनाच्या फळ्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर, खाटकाच्या पाटीवर, जिथे गळ राहिला असेल तिथे ते खिशातलं बॉलपेन काढून तो घालायचे, दुकानदार बघत असला तरी. एकदा बँकेने तिच्या नावे पाठवलेल्या पाकिटावर त्यांनी मधल्या नावात गळ घातला आणि मग पाकीट तिच्या हातात दिलं. तेव्हा तिने ते सरळ कचऱ्यात टाकलं होतं.

आणि मग हीच मुलगी त्याच गळासाठी भर मीटिंगमध्ये उभी राहिली. ब्रॉन्विन, तिची साहेब, चांगल्या मनाची बाई, म्हणाली होती की नावांतली ती चिन्हं पत्र छापताना त्रास देतात, काढून टाकू या. मेलेसेइनी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. म्हणाली, ते चिन्ह नाही, अक्षर आहे. तुझ्या नावातला बी काढला तर चालेल का? लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. टोंगन भाषेच्या आठवड्यात ऑफिसने लाल केक आणला, त्यावर पांढऱ्या साखरेचा मोठा गळ काढला, आणि तिला सुरी देऊन फोटो घेतला. फोटो बाबांना दाखवला तर ते कितीतरी वेळ केकवरच्या गळाची दिशा तपासत होते. बरोबर होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो कुठून तरी छापून आणला आणि खिशात ठेवला. तो अजून त्यांच्या खिशात होता, घामाने मऊ झालेला.

टाळ्या वाजल्या म्हणून तिला जास्तच चेव आला होता, हे आता तिला दिसत होतं. लोक अर्ज भरताना गळाच्या जागी वाटेल ते टिंब द्यायचे, सरळ, तिरकं, उलट्या बाजूचं. तिने एक वेगळा तुकडा लिहून ती सगळी टिंबं पकडली आणि प्रत्येकाच्या जागी खरा गळ बसवला. आता हिशेब पाहा. ते साधं सरळ टिंब यंत्राच्या नंबरांत ए-च्याही आधी येतं. तिने हात लावला नसता तर सरळ टिंब देणारी ही सगळी कुटुंबं बरोबरीच्या ओळीत पहिली उभी राहिली असती. ज्यांनी गळ लिहिलाच नाही, आम्ही आता इथलेच झालो म्हणणारे, ज्यांना बाबा आळशी म्हणायचे, ते निवांत ए-मध्ये बसले होते आणि त्यांना घरं मिळाली होती. नीट लिहिलं त्यांचं वाटोळं. आणि आत्या? आत्याने अर्जात गळ घातलाच नव्हता. अर्ज मेलेसेइनीनेच फोनवरून भरून दिला होता, आणि बाबा, बहिणीच्या कागदाला हात लावायचा नाही म्हणून पायरीवर बसून, बाहेरून म्हणाले होते, आत्यांच्या नावाआधी गळ घातलास ना? तिने मग घातला. हो बाबा, घातला, असं म्हणून घातला.

दुपारी ती ब्रॉन्विनकडे गेली. सगळं सांगितलं, नावं सोडून. ब्रॉन्विनने नीट ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, अरेरे म्हणाली. मग म्हणाली की गुण सगळ्यांचे सारखेच होते, म्हणजे कुणाला तरी वगळावं लागणारच होतं. पत्रं गेली, किल्ल्यांचा दिवस ठरला. आता ओळ बदलायची तर वर असलेल्या कुणाला तरी फोन करून सांगायचं का, की तुमचं घर परत द्या? कुणाला सांगू, नाव दे. मेलेसेइनीच्या डोळ्यांसमोर फारेपापांची जुळी पोरं आली. तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं. फाईलच्या पोटात फक्त त्यांची वयं होती, एकाच्या खाली एक, सारखी. ब्रॉन्विन दयाळूपणे म्हणाली, "आणि तुझी आत्या आहे ना त्यांत? नात्यातला अर्ज आहे असं तूच लिहून दिलं होतंस. मग तू तर यात पडूच नकोस, तुझ्यावरच यायचं." पुढच्या फेरीसाठी उपाय सोपा होता. ओळ लावण्याआधी सगळ्या नावांतली ती चिन्हं काढून टाकायची, आणि पत्रंही तशीच छापायची, म्हणजे घोळ नको. ती तसं कागदावर लिहूनच घेऊन बसली. मेलेसेइनीला केकची आठवण झाली. ब्रॉन्विनलाही झाली असावी, कारण ती एकदम खिडकीबाहेर उतरणाऱ्या विमानाकडे बघू लागली.

संध्याकाळी बसमधून उतरून ती घरी आली तेव्हा बाबा मागच्या पायरीवर अळकुड्या सोलत बसले होते. तिने पिशवी आत टाकली आणि त्यांच्याशेजारी बसली. विचारायचं काही वेगळंच होतं. विचारलं हे, की बाबा, मुळाक्षरांत गळ कुठे येतो? म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. मुलीने आपण होऊन असं काही विचारल्याला किती वर्षं झाली असतील. सुरी खाली ठेवून ते सांगू लागले, की गोऱ्यांचे कोश त्याला ए-मध्येच ढकलून देतात, जसा काही तो नाहीच. पण खरा टोंगन क्रम म्हणजे व्हीनंतर गळ. परकी अक्षरं आली तर झेडनंतरसुद्धा. सगळ्यांत शेवटी.

"तुझ्या यंत्राने कुठे ठेवला?" त्यांनी विचारलं.

"शेवटी."

"शहाणं आहे यंत्र," बाबा म्हणाले आणि पुन्हा सुरी उचलली.

म्हणजे चूक झालीच नव्हती. यंत्राने मास्तरांच्या क्रमाने ओळ लावली होती, शनिवारच्या हॉलमध्ये पोरं म्हणायची त्याच क्रमाने, आणि शेवटच्या अक्षराच्या पाळीला घरं संपली होती. मेलेसेइनीला वाटलं, आत्ता सांगून टाकावं, ह्या पायरीवर, अळकुड्यांच्या साली पायात असताना. राग येत होता. कुणाचा ते तिला नीट कळत नव्हतं. ब्रॉन्विनचा येत नव्हता, ती तर बिचारी हिशेबाचं बोलली. राग होता त्या बॉलपेनचा. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे ह्या माणसाला कुणी आडनावानेसुद्धा हाक मारली नाही, जिथे कारखान्यात त्याच्या कोटावर बघेल तो हसेल असं चुकीचं नाव शिवलं होतं, तिथे हा मनुष्य जन्मभर टिंबं दुरुस्त करत फिरला. आणि राग होता स्वतःचा, कारण ते बॉलपेन तिच्या हातात आलं आणि तिने ते शेकडो नावांवर एका झटक्यात चालवलं. बाबा गुणगुणत होते. तिने एक अळकुडी उचलली आणि सोलायला घेतली.

रविवारी चर्च सुटल्यावर आत्या आली. आत्या दारात दिसली की बाबांनी आपलं ताट उचलून पायरीवर जायचं, हे ठरलेलं. जाता जाता त्यांची नजर टेबलावर पडलेल्या आत्याच्या पाकिटावर गेली; हात लावला नाही, वाकून नाव तेवढं वाचलं, आणि नाव नीट छापलंय असं हवेत बोलून ते बाहेर गेले. आतमध्ये आत्या आणि भाची. अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, घरभर त्याचा वास, आणि त्या वासातही आत्याच्या शालीला गॅरेजची ओल. मेलेसेइनीने आवाज खाली आणून सगळं सांगितलं. कुठल्या अक्षराला कुठला नंबर, टिंब कुणी बदललं, रेघ कुठे पडली. आत्या पान उलगडत ऐकत होती. मध्ये तिने एकदाच विचारलं, की चर्चमधल्या ज्या तेरेसाने नवऱ्याचं नाव आयुष्यात धड लिहिलं नाही, तिला म्हणूनच का मिळालं? मेलेसेइनी हो म्हणाली. तशी आत्या हसायला लागली. पोट धरून हसली, हसता हसता खोकला लागला, खोकला थांबेना, मेलेसेइनी पाठ चोळत राहिली आणि बाहेर पायरीवर चमच्याचा आवाज बंद झाला.

"म्हणजे मी अडाणीच राहिले असते तर आज घरात असते," आत्या डोळे पुसत म्हणाली. मग तिने भाचीचं मनगट धरलं. "पुढल्या वेळी काढून टाक तो. मला घर हवंय, व्याकरण नकोय. आणि तुझ्या बापाला यातलं अक्षरही कळता कामा नये. कधी म्हणजे कधी. हे मी मागतेय तुझ्याकडे."

मागतेय हा शब्द तिने असा उच्चारला की मेलेसेइनीला तिच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांचा हक्क साठवून ठेवला, गाडी नाही, चटई नाही, पैसा नाही, आणि खर्च केला तो यावर. तिने मान हलवली. आत्याने मनगट सोडलं, बोटं चाटली, आणि मोठ्या आवाजात, पायरीला ऐकू जाईल असं, भाचीला म्हणाली की मीठ कमी पडलंय, पण नाव छान छापलंय हो त्यांनी.

पुढच्या आठवड्यात मेलेसेइनीने ती ओळ लिहिली. गळ दिसला की गाळ. लिहायला काय, एक ओळ. चालवून पाहिली. ‘आहोलेलेईचं आहोलेलेई झालं, चांगला दिवस गेला आणि उरलेल्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता, पण नाव रेघेखालून उठलं आणि सरळ वर जाऊन बसलं. ब्रॉन्विनने शाब्बास म्हटलं. कुणी केक आणला नाही. नवी फेरी हिवाळ्यानंतर होती, आणि हिवाळा तर अजून यायचा होता. तो आला. मांगेरेत सकाळी गवत पांढरं व्हायचं, गॅरेजच्या लोखंडी दाराला आतून पाणी सुटायचं. मेलेसेइनी हीटर घेऊन गेली, ओल ओढणारं यंत्र घेऊन गेली, जाड दुलया घेऊन गेली. आत्या म्हणायची कशाला गं, आणि ठेवून घ्यायची. बाबा गाडीत बसून राहायचे, काच खाली करून, आतला खोकला मोजत असल्यासारखे. एकदा परत येताना ते म्हणाले की आपण दोन घरं भाड्याने घेऊ, एक आत्यांना, आणि मग त्यांनीच काच वर चढवली, कारण ऑकलंडमधलं भाडं दोघांनाही ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, आत्याला इस्पितळात नेलं. तिथली खोली कोरडी होती. भिंतीवरून हात फिरवून ती मेलेसेइनीला म्हणाली, बघ, मिळालं की नाही. घसा नीट बंद करून म्हणाली, मा‘उ. त्या आठवड्यातच ती गेली.

आत्याच्या मयताला भावाने आणि भावाच्या पोरांनी सगळ्यांत खालची जागा घ्यायची असते. कमरेला जुनी, फाटकी, गुडघ्याखाली लोंबणारी चटई, आणि मागच्या अंगणात चूल. लोक पुढे रडतात, तुम्ही मागे लाकडं फोडायची. मेलेसेइनीला ते बरं वाटलं. शेवटची जागा, ठरलेली, कुणाला विचारायची गरज नाही. धुरात बाबा तिच्यासमोर उभे होते, तशीच चटई गुंडाळून, आणि बहिणीच्या प्रेताजवळ जायचं नाही म्हणून दुरूनच तिच्या शवपेटीवरचं नाव वाचायचा प्रयत्न करत होते. नाव नीट होतं. ते मेलेसेइनीने सांगून नीट करून घेतलं होतं.

मग नवी फेरी आली. शेकडो फाईली, पोटं तीच. त्यांत आत्याचीही. फाईलमध्ये आजाराला खण होता, ओलीला होता, मेल्याला नव्हता. कुणीतरी कळवायचं आणि मेलेसेइनीने ती फाईल उचलून बाजूला ठेवायची, अशी पद्धत. कळवणारी तीच आणि उचलणारीही तीच. तिने फाईल उचलली नाही. चार दिवसांनी उत्तर आलं नाही की घर खालच्याला जातंच. कुणाचं काही बुडणार नव्हतं. हे सगळं ती मागाहून स्वतःला सांगत राहिली. खरं कारण एवढंच होतं, की तिला ते नाव एकदा पहिलं आलेलं बघायचं होतं. प्रोग्राम चालवला. आला. आहोलेलेई, लूसेआने, सारख्या गुणांच्या सगळ्यांच्या वर, खाली घरभर लोक. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. खालून ब्रॉन्विनने जेवायला येतेस का म्हणून विचारलं, तेव्हा तिने छापायला पाठवलं आणि जेवायला गेली.

पाकीट गॅरेजच्या पुढच्या घरातल्या बाईने रविवारी चर्चमध्ये बाबांसमोर धरलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. बाकावर ठेवायला सांगितलं, आणि मेलेसेइनीने ते उचलून घरी आणलं. मागच्या पायरीवर तिने ते दोघांच्या मध्ये ठेवलं. बाबा वाकले. वाचलं. मग खिशात हात घातला, तो मऊ झालेला फोटो बाजूला सारून बॉलपेन काढलं, आणि दुसरं बोट कागदाला लागू न देता, श्वास रोखून, ए-च्या आधी गळ काढला. दिशा बरोबर.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "नकारच असणार. आत्यांचं आहे, त्यांच्या पेटीत ठेव."

आत काय आहे ते मेलेसेइनीला पाठ होतं, पत्ता, खोल्या, किल्ल्यांचा दिवस, सगळं. तिने तोंड उघडलं आणि मनगटावर आत्याची चिकट बोटं पुन्हा लागली. तिने तोंड मिटलं.

"मागच्या पत्रावर नाव नीट होतं," बाबा पेन खिशाला लावत म्हणाले. "घर नाही दिलं, पण तेवढं तरी त्यांनी नीट केलं होतं."

ती हो म्हणाली, आणि पाकीट उचलून आत पेटीत ठेवायला गेली.